सोसायटीत एकटे राहणारे ७ जण : गप्प झाले तर त्याच दिवशी कळायची व्यवस्था कशी लावायची?

कोथरूड_सेक्रेटरी :

४४ फ्लॅट, तीन विंग, दोन पाळ्यांत वॉचमन. सात फ्लॅटमध्ये एकेकटी माणसं राहतात. पाच जण सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यातल्या चौघांची मुलं परदेशात. एक पन्नाशीचे गृहस्थ भाड्याने राहतात आणि एक बाई नोकरी करतात. एकटं माणूस घरात वारलं आणि महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागला नाही अशा बातम्या वाचून कमिटीत विषय निघाला. पण एक जण म्हणतात जिन्यात कॅमेरे वाढवा, दुसरे म्हणतात प्रत्येकाला पॅनिक बटण द्या, तिसरे म्हणतात दर रविवारी कुणीतरी चक्कर मारू. फार खर्च न करता खरोखर चालेल असं काय? दार वाजवूनही उघडलं नाही तर कुणी, किती वेळाने, कोणाच्या परवानगीने उघडायचं? किल्ल्या ऑफिसात ठेवाव्यात का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी सविस्तर लिहा. "शेजारधर्म राहिला नाही" हे आम्हाला माहीत आहे.

कुलूपवाला :

तिन्ही सूचना बाजूला ठेवा. बटण दाबायला माणूस शुद्धीवर लागतो आणि बटण हाताशी लागतं. बाथरूममध्ये घसरून खुबा मोडला तेव्हा ते बाहेर टीव्हीशेजारी पडलेलं असतं. जिन्यातला कॅमेरा कोण आलं-गेलं ते दाखवतो, कोण बाहेर आलंच नाही याची तो दखल घेत नाही. आणि रविवारची चक्कर म्हणजे सात दिवसांचं अंतर. एका रविवारी दार उघडलं नाही की "गेले असतील कुठेतरी" म्हणून पुढच्या रविवारवर ढकललं जातं, म्हणजे चौदा.

तुम्हाला उलटी व्यवस्था हवी. माणसाने रोज ठरलेल्या वेळेपर्यंत एक खूण करायची, आणि ती झाली नाही की एका ठरलेल्या माणसाने उठायचं.

वर्षांनी उघडकीस आलेली प्रकरणं पाहिलीत तर एक गोष्ट दिसते. लंडनच्या वूड ग्रीन भागात २००३च्या अखेरीस वारलेली बाई जानेवारी २००६मध्ये सापडली. टीव्ही तोवर चालूच होता, आणि भाड्याचा काही भाग सरकारी मदतीतून परस्पर भरला जात होता. जपानमध्ये मात्सुदो शहरातल्या तोकिवादाइरा वसाहतीत २००० साली एक गृहस्थ सापडले, ते तीन वर्षांपूर्वीच गेले होते. भाडं आणि बिलं बँकेतून आपोआप वळती होत होती, शिल्लक संपल्यावर चौकशी सुरू झाली. दोन्हीकडे दार वाजवलं ते थकबाकीने. आपल्याकडेही आता महावितरण, पाइप गॅस, मोबाइल, मेंटेनन्स सगळं ऑटोपेवर असतं. पूर्वी लाइट बिल थकलं की वीज कायद्याच्या कलम ५६ची १५ दिवसांची नोटीस यायची, मग वायरमन यायचा. कुणीतरी दारात उभं राहायचं. ऑटोपे बंद करा असं म्हणत नाही, पण बिलं भरली जातात म्हणजे माणूस ठीक आहे हा हिशेब डोक्यातून काढा.

खूण कोणती? जी विसरता येत नाही आणि बाहेरून दिसते ती.

पेपर : वॉचमन तो दाराखालून आत सरकवतो आणि तिथेच खूण मरते. सेफ्टी डोअरच्या जाळीत अर्धा बाहेर राहील असा खोचायला सांगा. दहापर्यंत तिथेच दिसला तर बेल.

दूध : पिशवी बाहेरच्या पिशवीत टाकून पुढे जायची दूधवाल्याला सवय असते. कालची पिशवी आतच दिसली तर आजची टाकायची नाही, वॉचमनला सांगायचं. एवढं एक वाक्य त्याच्याशी बोलून ठेवा.

कचरा : कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताई दारोदार येत असतील तर त्यांच्याइतकं अचूक कुणालाच माहीत नसतं. बादली बाहेर आली नाही हे त्यांना पहिल्या दिवशी कळतं, पण सांगायचं कुणाला हे ठरलेलं नसतं. तुम्ही खाली एकच मोठा डबा ठेवून सगळ्यांना तिथे कचरा टाकायला लावला असेल तर ही खूण तुम्ही स्वतःच घालवली आहे.

कामवाल्या मावशी : सगळ्यात भरवशाची खूण. फक्त दार उघडलं नाही की त्या "बाहेर गेल्या वाटतं" म्हणून पुढच्या घरी जातात. त्यांना सांगा, न सांगता दार बंद असेल तर वॉचमनला कळवल्याशिवाय जिना उतरायचा नाही. जुन्या मावशी सोडून गेल्या आणि नव्या मिळायच्या आहेत, ते मधले आठ-पंधरा दिवस जोखमीचे. तेवढ्यात पेपरवर दुप्पट लक्ष.

व्हॉट्सॲप : दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकलेला सुप्रभातचा गुलाब उपयोगाचा नाही. तो आला नाही हे एकालाही कळत नाही. एका माणसाने एकाच माणसाला पाठवायचा, आणि त्याने उत्तर द्यायचं.

यातल्या दोन खुणा प्रत्येकाने स्वतः निवडाव्यात. एक पुरत नाही, पाच कुणी पाळत नाही.

आता दाराचं. इथे सगळ्यात जास्त चुकतं. तिसरी किल्ली शेजारी ठेवलेली असते, आणि आतून वरची कडी लावलेली असते. मग ती किल्ली शोभेची. एकट्याने राहणाऱ्याने रात्री फक्त लॅच वापरायचं. भीती वाटत असेल तर बाहेरूनही किल्लीने उघडेल असं दुसरं कुलूप बसवा, पण कडी नको. काही लॅचना आतून बटण सरकवलं की बाहेरची किल्ली फिरत नाही, ते तपासा. मॉर्टिस लॉकमध्ये (दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप) आतल्या बाजूने किल्ली अडकवून ठेवली तर बऱ्याच मॉडेलांत बाहेरची आत जात नाही. किल्ली आत खिळ्याला टांगायची. सेफ्टी डोअरचीही किल्ली हवी, ती हमखास विसरते.

बाथरूमची कडी काढून टाका. बाहेरून नाण्याने फिरवता येतो असा नॉब मिळतो, तो बसवा. बाथरूमचं दार आत उघडत असेल तर पडलेल्या माणसाच्या अंगाला अडतं आणि ढकलताना त्यालाच इजा होते. सुतार अर्ध्या दिवसात बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारं करून देतो.

किल्ल्या ऑफिसात एका खिळ्यावर, फ्लॅट नंबर लावून ठेवू नका. त्याला चोराची यादी म्हणतात. बंद पाकीट, चिकटवलेल्या जागेवर मालकाची आडवी सही, एक त्याच मजल्यावर आणि एक दुसऱ्या विंगमध्ये. वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या पाडव्याला, मालकासमोर पाकीट फोडून किल्ली लावून बघायची आणि नवं पाकीट करायचं. कुलूप बदललं आणि पाकिटात जुनीच किल्ली राहिली, हे नेहमीचं आहे.

पेठेतला_पंच :

दार उघडण्याबद्दल. आधी सातही जणांकडून एक साधं पत्र लिहून घ्या : अमुक वेळेपर्यंत खूण दिसली नाही आणि फोन-बेलला उत्तर आलं नाही, तर या दोन व्यक्तींनी माझं दार किल्लीने उघडावं, किल्ली न चालल्यास तोडावं, याला माझी संमती आहे. सही, तारीख, दोन साक्षीदार, मुलांना प्रत. पत्र नसलं तरी जीव वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूने संमतीवाचून केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०चं संरक्षण आहे (जुनं भादंवि ९२). पण पत्र असलं की कमिटीतली दोन तासांची चर्चा वाचते, आणि ते दोन तासच महत्त्वाचे असतात.

आमच्याकडे चाललेला क्रम असा. १० वाजता खूण नाही. मोबाइल आणि इंटरकॉम, दोन्ही. १०.१५ला बेल, आणि बेल वाजवताना पुन्हा मोबाइल लावून दाराला कान. आत रिंग वाजतेय आणि चपला दारात आहेत, तर माणूस आतच आहे असं धरायचं. पार्किंगमध्ये स्कूटर बघायची. मुलांना फोन करायचा तो "काही सांगून गेलेत का" एवढं विचारायला, परवानगी मागायला नाही. १०.४५ला दोघांनी मिळून किल्ली लावायची, तिसऱ्याने मोबाइलवर चित्रण करायचं. किल्ली चालली नाही तर ११२ आणि १०१. अग्निशमन दलाची माणसं बरेचदा दार न तोडता गॅलरीतून उतरतात. एकट्यादुकट्याने कधीही आत जायचं नाही, पुढे दागिन्यांचा विषय निघतो.

पाऊण तास फार घाईचा वाटेल. घाई आहेच. जमिनीवर तासाभराहून जास्त पडून राहणं हेच धोक्याचं. अंगाखाली दबलेले स्नायू मरायला लागतात आणि त्यातली द्रव्यं मूत्रपिंड बंद पाडतात. वर पाणी नाही, औषधं नाहीत. सकाळी पडलेला माणूस दुपारी सापडला तर बहुधा वाचतो, परवा पडलेला आज सापडला तर त्याचा भरवसा नाही. १ ते ४ बेल न वाजवण्याचा पुण्यातला नियम या कामापुरता स्थगित समजावा.

आत गेल्यावर श्वास चालू असेल किंवा शंका असेल तर १०८, आणि मान-कंबर न हलवता थांबायचं. मृत्यू उघड दिसत असेल तर गॅसचा नळ बंद करायचा, बाकी कशालाही हात लावायचा नाही. खिडक्या उघडायच्या नाहीत, चादर घालायची नाही. बाहेर येऊन ११२. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली अकस्मात मृत्यूची नोंद करतात (पूर्वीचं १७४), दोन पंचांसमोर पंचनामा होतो आणि शवविच्छेदनासाठी ससूनला नेतात. "आमचे फॅमिली डॉक्टर दाखला देतील" हा आग्रह धरू नका. शेवटच्या आजारात जे उपचार करत होते आणि मृत्यू नैसर्गिक असल्याची ज्यांना खात्री आहे तेच डॉक्टर कारणाचा दाखला देऊ शकतात. दोन-चार दिवसांनी सापडलेल्या देहावर कोणताही शहाणा डॉक्टर सही करणार नाही. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला तर अंतिम कारण यायला वेळ लागतो, तोवर विम्याचे कागद अडतात. वारसांना हे आधीच सांगून ठेवा.

नोंदणी : २१ दिवसांत मोफत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. त्यानंतर वर्षापर्यंत लेखी परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वर्षांनी सापडलेल्या माणसाच्या वारसांची धावपळ इथेच होते, कारण मृत्यूची तारीखच अंदाजाची असते आणि पेन्शन, भाडेकरार, मृत्युपत्र सगळं त्या तारखेला टांगलेलं असतं.

आणखी एक. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या २०१०च्या नियमांप्रमाणे प्रत्येक पोलीस ठाण्याने हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची आणि महिन्यातून किमान एकदा भेट द्यायची असते. तुमच्या पाच जणांची नावं लेखी देऊन पोच घ्या. भेटी नियमित होतील याच्यावर विसंबू नका, पण ११२ला फोन गेल्यावर पत्ता समजावत बसावं लागत नाही. एल्डरलाइन १४५६७ चांगली आहे, पण ती सल्ल्यासाठी आणि सोबतीसाठी, सकाळी ८ ते रात्री ८. दार उघडायला तिथे फोन करू नका.

सिंगल_फेज :

उपकरणांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जपानमध्ये झोजिरुशीने २००१पासून पाण्याची इलेक्ट्रिक किटली दिली, ती वापरली की नातेवाइकांना निरोप जायचा. कल्पना योग्य : वेगळं काही करायचं नाही, रोजचा चहा हीच खूण. आपल्याकडे चहा गॅसवर होतो, म्हणून ती किटली जशीच्या तशी उचलून चालत नाही.

विजेच्या युनिटवर जाऊ नका. बंद घराचं बिल शून्य येत नाही. फ्रिज दिवसाला साधारण एक युनिट खातो, राउटर १० वॅटचा धरला तरी महिन्याला सात. म्हणजे आत कुणी हालचाल करत नसताना महिन्याला ३५-४० युनिट बिनबोभाट पडतात, आणि एकट्या माणसाचा नेहमीचा वापरही ६०-७०च असतो. फरक महिन्याने कळणार. स्मार्ट मीटर असेल तर तासाचा आलेख उपयोगी. सकाळी २ किलोवॅटचा गिझर १५ मिनिटं चालला तर अर्ध्या युनिटचा उंचवटा दिसतो. पण पुण्यात गच्चीवर सोलर असलेल्या इमारतींत गिझर पावसाळ्यापुरताच लागतो, तिथे हा उंचवटा आठ महिने दिसणार नाही.

घ्यायचंच असेल तर एक हालचाल सेन्सर बेडरूम ते बाथरूमच्या वाटेवर, दोन मीटर उंचीवर, आणि एक दाराचा चुंबकी सेन्सर बाथरूमला. पाच ते दहामध्ये दोन्ही गप्प राहिले तर निरोप. बिघडतं कुठे :

हालचाल सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक बघतो. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर खोली ३६-३७ अंशांवर गेली की तो माणसाला बघूनही गप्प बसतो. दाराच्या सेन्सरला हा त्रास नाही, म्हणून दोन्ही. खिडकीकडे तोंड करून लावला तर ऊन हलल्यावर खोटी हालचाल दाखवतो, आणि ही चूक जास्त वाईट, कारण मेलेल्या घरात तो "सगळं ठीक" सांगत राहतो.

बटण-सेल संपला किंवा वाय-फायचं रिचार्ज संपलं की सेन्सर ऑफलाइन होतो आणि बहुतेक ॲप त्यावर काहीच बोलत नाहीत. 'ऑफलाइन' हाही धोक्याचा निरोप समजला जाईल अशी मांडणी करा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

सगळ्यात मोठी चूक : निरोप फक्त न्यू जर्सीतल्या मुलाला. आपले सकाळचे दहा म्हणजे त्याचे रात्रीचे साडेअकरा किंवा साडेबारा, फोन सायलेंटवर. पहिला निरोप पाकीट ज्याच्याकडे आहे त्याला, मुलाला दुसरा.

चहाबिस्किट :

सगळे सत्तरीच्या काकूंबद्दल बोलताय. तुमच्या यादीतले पन्नाशीचे भाडेकरू सगळ्यात वर घ्या. दक्षिण कोरियात एकाकी मृत्यू रोखण्याचा कायदा २०२१पासून लागू आहे, तिथल्या सरकारी आकड्यांत पन्नाशी-साठीचे पुरुष निम्म्याहून जास्त असतात. वय झालेल्या बाईकडे मावशी येतात, भिशी असते, भजनी मंडळ असतं, ती हळदीकुंकवाला आली नाही तर चौकशी होते. नोकरी सुटलेल्या, घटस्फोटित, डबा लावलेल्या पुरुषाकडे यातलं काही नसतं. घरमालक बाणेरला, भाडं यूपीआयने. डबेवाला ही त्याची एकच खूण : कालचा डबा रिकामा परत आला नाही तर वॉचमनला सांगायचं.

आणि "वास आला की कळेलच" असं कमिटीत कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. पावसाळ्यात कळेल. मार्च ते मेच्या कोरड्या हवेत, सरकत्या काचा बंद असलेल्या वरच्या मजल्यावर देह सुकत जातो, वास काही आठवड्यांत ओसरतो, आणि तेवढे दिवस लोक उंदीर मेला म्हणून डक्टमध्ये फिनेल ओततात. खिडकीच्या काचेवर आतून माश्या दिसल्या तर मात्र उंदराची वाट बघू नका.

कोथरूड_सेक्रेटरी :

खूप उपयोग झाला. दोन अडचणी. एक, बी विंगच्या काकू वर्षातले चार महिने मुलीकडे असतात. खूण नसणं तेव्हा साहजिक असतं, लोकांनाही बंद दाराची सवय झाली आहे. दोन, सी विंगचे आजोबा किल्ली द्यायला साफ नाही म्हणतात. "माझ्या मरणाची तयारी करताय का" असं म्हणाले.

कुलूपवाला :

काकूंचं आधी, कारण वर्षं इथेच हरवतात. मुंबईत ओशिवऱ्याला २०१७च्या ऑगस्टमध्ये मुलगा अमेरिकेहून आला तेव्हा आईचा सांगाडा सापडला, शेवटचं बोलणं एप्रिल २०१६मध्ये झालेलं होतं. मजल्यावर दुसरं बिऱ्हाड नव्हतं. बंद दार दिसलं की आपण "मुलाकडे गेल्या असतील" असं मनाशी म्हणतो आणि तो समज कुणी तपासत नाही. गेटवर 'बाहेरगावी' वही ठेवा : गेल्याची तारीख, परतीची तारीख, तिथला नंबर. परतीचा रकाना रिकामा सोडायचा नाही, नक्की नसेल तर अंदाज लिहायचा आणि त्या दिवशी फोन करून पुढची तारीख घालायची. वहीत नोंद नसलेलं बंद दार म्हणजे आत माणूस आहे असं धरून क्रम सुरू करायचा. पहिल्या महिन्यात दोन-तीन फुकट धावपळी होतील, गणपतीत जास्त. ज्यांच्यामुळे झाली त्यांना रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी पाकीटवाला उठणार नाही.

पेठेतला_पंच :

आजोबांना किल्ली मागूच नका. आधी तुमची द्या. "आम्ही दोघं बाहेर असलो की गॅस राहिला का बघायला कुणी नसतं, ही ठेवा" म्हणून. आठ-पंधरा दिवसांनी विषय काढा, आणि मरणाचा काढू नका, पडण्याचा काढा. योजना फक्त एकट्यांची न ठेवता सगळ्या ४४ फ्लॅटना लावा. नवरा टूरवर गेला की बायकोही एकटीच असते. तरीही नाही म्हणाले तर पेपर जाळीत खोचण्याला त्यांची हरकत नसेल, तेवढं घ्या, आणि दार १०१ला उघडावं लागेल हे गृहीत धरा.

फ्रिजवर एक कागद मात्र सगळ्यांच्याच घरी लावून घ्या : औषधं, मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी आहे का, डॉक्टरांचा नंबर, दोन नातेवाइकांचे नंबर. पेसमेकर असेल तर मोठ्या अक्षरात. १०८वाल्यांना ते हवं असतं, आणि अंत्यसंस्काराआधी तो काढावाच लागतो, त्याची बॅटरी दाहिनीत फुटते.

कोथरूड_सेक्रेटरी :

आजोबा पेपरला तयार झाले. फक्त म्हणाले, दहाला नको, मी अकराला उठतो.

कुलूपवाला :

मग त्यांची वेळ साडेअकरा. वॉचमनच्या वहीत फ्लॅट नंबरापुढे तशी लिहा, दिवसपाळीला आणि रातपाळीला दोघांनाही दाखवा. बदली वॉचमन येतो त्या दिवशी पुन्हा दाखवा.